नॅनोकण आणि पेशीपटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एम.एस्सी.च्या मुलांना जीवभौतिकी शिकवते. प्रयोगशाळेत आम्ही मेदाचे सूक्ष्म फुगे करतो, त्यांच्यावर वेगवेगळे नॅनोकण सोडतो आणि फुगा गळतो का ते पाहतो. काम एवढंच, पण ते ऐकलं की समोरच्याला प्रश्न सुचतातच. काही व्हॉट्सॲपवर आले, काही रमण विज्ञान केंद्रात भेटलेल्या पालकांकडून, काही शेतकऱ्यांकडून आणि निम्मे तरी व्हायवाच्या आदल्या रात्री. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेशीपटल म्हणजे नेमकं काय? आठवीत शिकलो होतो, आता फक्त आकृतीत रंग भरल्याचं आठवतं.

मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर. प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेलं एक डोकं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. डोकी बाहेरच्या अंगाला, शेपट्या आत एकमेकींना भिडलेल्या, अशा दोन रांगा. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. थर दुहेरी आहे हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी दाखवलं. तांबड्या पेशींतला मेद काढून त्यांनी पाण्यावर पसरला, तर त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा त्याने व्यापली. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हा थर प्रवाही असल्याचं चित्र मांडलं: मेदाचे रेणू जागा बदलत राहतात आणि त्यांच्यात प्रथिनं तरंगत असतात.

आकृतीत पटल विटांच्या भिंतीसारखं दिसतं. ते डोक्यातून काढा. रश्श्यावरच्या तर्रीचा पातळ थर आठवा, तो जास्त जवळचा आहे. बाहेरच्या अंगाला शर्करेच्या साखळ्या असतात आणि एकूण भार किंचित ऋण असतो. हा ऋण भार लक्षात ठेवा, प्रश्न ६ मध्ये लागेल.

२. नॅनो म्हणजे किती बारीक? आणि "कृत्रिम" कशाला म्हणायचं?

साधारण १ ते १०० नॅनोमीटर. तुमचं नख दर सेकंदाला जवळपास १ नॅनोमीटर वाढतं. कृत्रिम म्हणजे माणसाने मुद्दाम घडवलेले: सोनं, चांदी, सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड यांचे कण, कार्बनच्या नळ्या, ग्राफीन (कार्बनचा एका अणूएवढा पातळ पत्रा), औषध भरलेले मेदाचे फुगे. धुरातले किंवा राखेतले कण मुद्दाम घडवलेले नसतात, त्यांच्याविषयी प्रश्न १५ पाहा.

३. कण इतका बारीक आहे तर पटलातून सरळ आरपार जात असेल ना, चाळणीतून रवा जातो तसा?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त वेळा उत्तर "नाही".

जरा हिशेब करू. तांबडी पेशी साधारण ७.५ मायक्रोमीटर रुंद असते. ती फुगवून १५ मीटर रुंदीच्या मंगल कार्यालयाएवढी केली, तर तिची भिंत होईल १ सेंटिमीटर जाड. त्याच मापात ४० नॅनोमीटरचा कण होईल ८ सेंटिमीटरचा, म्हणजे एक चांगलं भरलेलं नागपुरी संत्रं. आता १ सेंटिमीटरच्या पडद्यातून संत्रं "चाळून" कसं जाणार? कण पेशीच्या मानाने बारीक असतो, पटलाच्या मानाने तो दांडगाच असतो. ऑक्सिजनचा रेणू पटलातून सहज जातो. चार्ज असलेला छोटासा सोडियम आयनसुद्धा वाटाड्या प्रथिनाशिवाय जवळपास जात नाही.

मग होतं काय? कण पटलाला चिकटतो, पटल त्याच्याभोवती वाकतं, त्याला गुंडाळतं आणि तोंड बंद करून आत ओढतं. पुरणपोळीचा उंडा भरताना पारी पुरणाभोवती ओढत नेऊन वर चिमटा काढतो, तसंच. शाळेच्या पुस्तकात याला पेशीय भक्षण म्हटलं आहे.

४. म्हणजे शेवटी कण पेशीत पोचलाच. मग फरक काय पडला?

फार मोठा. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात शिरल्यावर आधी ढेलज लागते. पाहुणा ढेलजेत बसला म्हणजे स्वयंपाकघरात पोचला असं होत नाही. पेशीय भक्षणाने आत आलेला कण पटलाच्याच पिशवीत बंद असतो. तो आणि पेशीद्रव यांच्यामध्ये पटल शाबूत असतं. ही पिशवी पुढे आम्ल होत जाते आणि बहुतेकदा पेशीचं पचन सांभाळणाऱ्या लयकारिकेला जाऊन मिळते, जिथला सामू ४.५ ते ५ असतो. कणाचं तिथे काय होतं त्यावर पुढची सगळी कथा ठरते. सोनं तसंच पडून राहतं. झिंक ऑक्साइड विरघळतं आणि जस्ताचे आयन सोडतं. लशीतला लिपिड (म्हणजे मेदाचा) कण मात्र ती पिशवी फोडण्यासाठीच घडवलेला असतो (प्रश्न ८).

कण भक्षणाने गेला की पटल भेदून, हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे पेशी ४ अंशांवर ठेवायच्या. थंडीत भक्षण थांबतं. तरीही कण आत दिसले तर दुसरी वाट शोधायची. पण थंडीत पटलही घट्ट होतं, त्यामुळे या एकाच प्रयोगावर प्रबंध लिहू नका. लिहितात.

५. कोणत्या आकाराचा कण सगळ्यात जास्त आत जातो?

२००६ साली टोरांटोत सोन्याच्या १४ ते १०० नॅनोमीटरच्या कणांवर झालेला प्रयोग आता पाठ्यपुस्तकात गेला आहे. हेला पेशींनी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी) ५० नॅनोमीटरचे कण सर्वाधिक घेतले. कारण समजायला सोपं आहे. गोल कणाभोवती पटल पूर्ण वाकवायला लागणारी ऊर्जा कण लहान असो वा मोठा, जवळपास तेवढीच असते. चिकटण्यातून मिळणारी कमाई मात्र पृष्ठभागाबरोबर वाढते. फार लहान कण वाकवण्याचा खर्च एकट्याने फेडू शकत नाही, मग चार-पाच जण गोळा होऊन एकत्र जातात. फार मोठ्या कणाला गुंडाळताना पटलावरचे ग्राही रेणू कमी पडू लागतात. मधला कण फायद्यात.

मात्र "५० म्हणजे उत्तम" हा पाढा करू नका. आकार गोल ऐवजी लांबट झाला, लेप बदलला, पेशी बदलली की आकडा बदलतो. भक्षक पेशी तर मायक्रोमीटरभराचा कणही आनंदाने गिळते.

६. धन भाराचे कण घातक असतात असं सरांनी सांगितलं. कायम?

धन भाराचा कण ऋण पटलाला घट्ट चिकटतो हे खरं. धन भाराचे अमाइन गट असलेल्या डेंड्रिमर (फांद्याफांद्यांच्या) रेणूंनी लिपिडच्या थरात भोकं पाडल्याचं अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसलं आहे. त्याच रेणूंची टोकं निष्प्रभ केली की भोकं पडेनाशी होतात. म्हणजे दोष रेणूच्या आकाराचा नव्हता, त्याच्या कातडीचा होता.

"कायम" मात्र म्हणता येत नाही, कारण रक्तात उतरल्यावर कणाची कातडी बदलते. बाटलीवर झीटा पोटेन्शियल (पृष्ठभागावरच्या भाराचं माप) अधिक ३० लिहिलेला कण सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणारं प्रथिनयुक्त द्रव) टाकून मोजा, बहुतेक वेळा आकडा ऋण निघेल. का, ते पुढच्या उत्तरात.

७. हे "प्रथिनांचं कोरोना" कोविडशी संबंधित आहे का?

नाही हो. दोन्हीकडे शब्द एकच, अर्थ मुकुट. हे नाव नॅनोकणांच्या अभ्यासात २००७ च्या सुमारास रुळलं, साथीच्या बरंच आधी. कण रक्तात किंवा सीरममध्ये पडला की काही क्षणांत प्रथिनं त्याच्यावर येऊन बसतात. त्यानंतर पेशीला मूळ कण दिसतच नाही, प्रथिनांची चादर दिसते. लग्नात नवरीला पाहिलं म्हणतात, पाहिलेला असतो तो शालू.

आमच्याकडे हे एका विद्यार्थिनीने वेगळ्याच रीतीने शिकवलं. तीच सिलिका, तीच मात्रा, तीन आठवडे पेशी छान चिकटून वाढत होत्या. एका शुक्रवारी तिने डिश माझ्यासमोर ठेवली: निम्म्या पेशी गोल होऊन सुटलेल्या, माध्यमात तरंगत होत्या. पिपेटपासून इन्क्युबेटरपर्यंत सगळं तपासलं. अखेर कळलं की सीरम संपलं म्हणून तिने "एक दिवसच तर" म्हणत सीरमविना माध्यम वापरलं होतं. उघडी सिलिका थेट पटलाला भिडली होती. हाच फरक २०१२ च्या एका गाजलेल्या अभ्यासात व्यवस्थित मांडलेला आहे. तो मी वाचला होता, तरीही दोन दिवस पिपेटवरच संशय घेत बसले.

म्हणून कोणताही निकाल वाचताना आधी पाहा: सीरम होतं का, किती टक्के?

८. कोविड लशीत नॅनोकण होते म्हणतात. ते अंगात राहिले असतील का?

आधी लस कोणती ते पाहा. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोवॅक्सिन या लशींत लिपिड नॅनोकण नव्हते. पहिलीत फेरफार केलेला ॲडेनोविषाणू होता, दुसरीत निष्क्रिय केलेला कोरोना विषाणू. लिपिड नॅनोकण होते ते एमआरएनए (प्रथिन बनवायचा निरोप वाहणारा रेणू) लशींत. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या लशी त्या प्रकारच्या.

त्या कणात चार प्रकारचे मेद असतात, आणि खरी कारागिरी त्यातल्या एकात आहे. हा मेद रक्ताच्या सामूला जवळपास उदासीन राहतो, त्यामुळे प्रश्न ६ मधली चिकटाचिकटी टळते. कण पिशवीत अडकला आणि सामू उतरला की तोच मेद धनभारित होतो, पिशवीच्या ऋण मेदाशी जुळतो, थर विस्कटतो आणि एमआरएनए पेशीद्रवात उतरतं. ढेलजेतून स्वयंपाकघरात जायची ही किल्ली. तीही फारशी चालत नाही: अशाच कणांमधून नेलेल्या आरएनएवर २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात पेशीने घेतलेल्यापैकी जेमतेम १ ते २ टक्केच बाहेर पडलं. एमआरएनए काही दिवसांत तुटतं आणि मेद शरीर मेदासारखेच हळूहळू मोडतं. हे कण सोन्यासारखे पडून राहणारे नव्हेत.

९. २०२१ मध्ये काळ्या बुरशीसाठी "लायपोसोमल" इंजेक्शनच आणा, साधं नको, असं डॉक्टर म्हणायचे. दोन्हींत औषध एकच, मग एवढी धावपळ कशासाठी?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या मे महिन्यात मेडिकल चौकापासून धंतोलीपर्यंत दुकानं पालथी घातली होती. मीही एका नातेवाइकासाठी चिठ्ठी घेऊन फिरले आहे. तेव्हा वर्ध्यातल्या एका कंपनीने ॲम्फोटेरिसिन बनवायला घेतल्याची बातमी आली, तर घरोघर ती फॉरवर्ड झाली होती.

ॲम्फोटेरिसिन बी हे पटलावरच वार करणारं औषध. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. औषध एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट पकडतं, पटलात छिद्रं पाडतं आणि तो स्टेरॉल ओढूनही काढतं. अडचण अशी की कोलेस्टेरॉललाही ते थोडंफार पकडतंच, आणि याचा पहिला फटका मूत्रपिंडाला बसतो. लायपोसोमल प्रकारात हेच पिवळं औषध १०० नॅनोमीटरहून लहान मेदाच्या फुग्यांच्या भिंतीत बसवलेलं असतं. आपल्या पेशींशी गाठ पडली तरी ते फुग्यातच आरामात राहतं, बुरशी भेटली की तिच्याकडे सरकतं. त्यामुळे जास्त मात्रा देता येते आणि मूत्रपिंड बरंच वाचतं.

इमल्शन, लिपिड कॉम्प्लेक्स, लायपोसोमल हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांच्या मात्रा वेगळ्या. बाटलीवरचं नाव सारखं दिसलं म्हणून अदलाबदल करायची नसते. हा निर्णय डॉक्टरांचाच.

१०. नागपूरच्या उन्हाचा या प्रयोगांवर परिणाम होतो का? (गंमत म्हणून विचारतोय.)

गंमत म्हणून विचारलंत, पण मी याच्यावर व्याख्यान देऊ शकते.

प्रत्येक मेदाचं एक संक्रमण तापमान असतं. त्याच्या खाली थर गोठल्यासारखा, वर प्रवाही, आणि नेमक्या त्या तापमानाला सगळ्यात गळका, कारण गोठलेले आणि वितळलेले तुकडे एकमेकांशेजारी असतात आणि शिवण उसवलेली राहते. प्रयोगशाळेत लाडका असलेला डीपीपीसी हा मेद ४१ अंशांना वितळतो. ज्या गावात ही तापमानाची बातमीसुद्धा होत नाही, त्या गावात आम्ही हा मेद वापरतो. त्याचा धाकटा भाऊ डीएमपीसी सुमारे २४ अंशांना वितळतो, म्हणजे एसी चालू असताना गोठलेला आणि लाइट गेली की प्रवाही.

एका मे महिन्यात आमच्या मुलाने डीपीपीसीचे फुगे कॅल्सीन हा चमकणारा रंग भरून तयार केले. कॅल्सीन दाटीवाटीने कोंडलेलं असताना मंद नारिंगी दिसतं, बाहेर पडून पाण्यात पसरलं की हिरवं चमकतं. त्या चमकेवरूनच गळती मोजतात. ती चमक मोजायचं यंत्र, फ्लुओरिमीटर, दुसऱ्या कॅम्पसवर. दुपारी दीडला पठ्ठ्याने नळ्या स्कूटरच्या डिकीत टाकल्या आणि अमरावती रोडने निघाला. पोचून उघडल्या तर सगळ्या नळ्या हिरव्यागार! नॅनोकण असलेल्याही आणि नसलेल्याही. कण नसलेली नळी त्याने पाहिली नसती, तर "आमचे कण पटल फोडतात" असा पोस्टर तयार झालाच असता. आता थर्माकोलचा आइस्क्रीमचा डबा वापरतो. बर्फ मात्र नळ्यांना लागू द्यायचा नाही, गोठलं तरी फुगे फुटतात.

याच गुणाचा औषधात उपयोग करायचाही प्रयत्न झाला आहे: गाठीची जागा ४१-४२ अंशांपर्यंत तापवायची, म्हणजे फुगे तिथेच औषध सोडतात.

११. चांदीचे कण जंतू मारतात, मग आपल्या पेशी का मरत नाहीत?

मात्रा वाढवली तर मरतात. चांदीच्या कणाचं बरंचसं काम त्यातून सुटणारे आयन करतात. ते प्रथिनांतल्या गंधक असलेल्या गटांना धरतात. २०१२ मध्ये प्राणवायूविना वातावरणात केलेल्या प्रयोगात आयन सुटलेच नाहीत, तर नुसत्या कणांनी ई. कोलाय मेले नाहीत. जिवाणूचं श्वसन त्याच्या पटलावरच चालतं, म्हणून तिथे बसलेला घाव त्याला लगेच भोवतो. आपल्या पेशीत ते काम आत तंतुकणिकांत होतं.

"चांदीचं पाणी" रोज पिणाऱ्यांसाठी: वर्षानुवर्षं घेतल्याने कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात.

१२. भोक न पाडता पटल बिघडवता येतं का?

येतं. पटलातला मेद खवट होतो. अक्षरशः खवट. जवसाचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवटतं, कारण त्याच्या मेदाम्लांत दुहेरी बंध जास्त. पेशीपटलातही असे बंध भरपूर असतात. काही कण आपल्या पृष्ठभागावर क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात, विशेषतः टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांत. तो एका बंधाला लागला की साखळी पेटत जाते, पटल ताठर आणि गळकं होतं. ई जीवनसत्त्व ही साखळी तोडतं.

१३. ग्राफीन पटल कापतं म्हणतात. ब्लेडसारखं?

कोपरा टोकदार असेल तर तो थरात शिरतो, हे खरं. जास्त चमत्कारिक गोष्ट २०१३ मध्ये दिसली: ग्राफीनचा पत्रा ई. कोलायच्या पटलातून मेदाचे रेणू उपसून स्वतःच्या अंगावर ओढून घेतो. कापण्यापेक्षा टिपकागदासारखं.

कार्बनच्या नळ्यांचं निराळंच. त्या पटलाला टोकाने लागतात, पेशी टोकाला गोल कण समजून गिळायला लागते, आणि नळी संपतच नाही. भक्षक पेशी १५-२० मायक्रोमीटरची, नळी त्याहून लांब आणि ताठ असेल तर घास अर्धा आत अर्धा बाहेर राहतो आणि पेशी चिडून दाहकारक रसायनं ओतत राहते. ॲस्बेस्टॉसचं दुखणं हेच. लांब ताठ नळ्यांनी उंदरांत असाच परिणाम केल्याचं २००८ मध्ये दिसलं. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांचं तसं झालं नाही.

१४. मॅडम, नॅनो युरिया पऱ्हाटीच्या पानातून आत जाते का? एक बाटली म्हणजे एक पोतं, हे खरं काय?

आधी झाडाच्या पेशीचा फरक. तिथे पटलाच्या बाहेर पेशीभित्तिका असते, आणि तिची छिद्रं साधारण ५ ते २० नॅनोमीटरची. पानावर वरून मेणाचा थर. ज्या कणांचा आकार २० ते ५० नॅनोमीटर सांगितला जातो, त्यांना अख्खं पटलापर्यंत पोचणं सोपं नाही. पर्णरंध्र मोठं असतं, तिथून पानाच्या पोकळीत जाता येतं, पण पेशीत शिरायला भित्तिका आहेच. साधा युरियाचा रेणू मात्र इवलासा, पाण्यात विरघळणारा. तो पानातून जातोच, म्हणून तर युरियाची फवारणी पूर्वीपासून करतात.

पोत्याचा हिशेब कागदावर करा. सुरुवातीला आलेल्या ५०० मिलीच्या बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हजारपट फरक. जमिनीत टाकलेल्या युरियातलं पुष्कळ वाया जातं हे मान्य, पण म्हणून हजारातला एक भाग उरलेल्याची भरपाई करेल, हे पटवायला पिकाने घेतलेलं नत्र मोजून दाखवावं लागेल. माझं मत विचाराल तर पूर्ण पोतं बंद करू नका. एका धुऱ्याकडच्या चार तासांवर (ओळींवर) करून पाहा आणि कापूस वेगळा मोजा.

१५. कोराडी-खापरखेड्याची राख अंगणात येते. ती नॅनो आहे का?

बहुतांश नाही. औष्णिक केंद्राची राख मुख्यतः मायक्रोमीटरच्या मापातले काचेसारखे गोळे असते. नॅनो मापाचा भाग वजनाने थोडा, आणि तो कोणी घडवलेला नसतो. पटलाला मात्र कण कारखान्यात घडला की बॉयलरमध्ये, याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्याशी भिडतो तो पृष्ठभाग.

जास्त काळजी स्फटिकी सिलिकाची, म्हणजे दगड फोडताना, बोअर मारताना, खाणीत उडणाऱ्या ताज्या धुळीची. फुप्फुसातली भक्षक पेशी ती गिळते, लयकारिकेचं पटल फाटतं, पेशी मरते, धूळ पुन्हा मोकळी, पुन्हा दुसरी पेशी. यातून सिलिकोसिस होतो.

१६. सनस्क्रीनमधले नॅनोकण कातडीतून रक्तात जातात का?

शाबूत कातडीवर जवळपास नाहीच. वरचा थर मेलेल्या पेशींचा, कण तिथेच अडतात. सनस्क्रीनमधल्या टायटॅनियमच्या कणांवर बहुधा सिलिका किंवा ॲल्युमिनाचा लेपही असतो, प्रश्न १२ मधलं खवटणं टाळायला. स्प्रे मात्र टाळा. फुप्फुसात मेलेल्या पेशींचा थर नसतो.

१७. माझ्या एमटीटी चाचणीत (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून मोजतात ती) मात्रा वाढवली की पेशी जास्त जिवंत दिसतात. कसं शक्य आहे?

शक्य नाही. कण चाचणीशी खेळतोय. कार्बनच्या नळ्या एमटीटीचा जांभळा रंग धरून ठेवतात आणि जिवंत पेशी मेलेल्या दिसतात. काही कण पेशींविना एमटीटीला रंग आणतात, मग मेलेल्या जिवंत दिसतात. गळती मोजायच्या एलडीएच चाचणीत विकर कणाला चिकटून बसतं. पेशी नसलेली, फक्त कण असलेली विहीर (प्लेटमधला खळगा) प्रत्येक प्लेटमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या तत्त्वावरची एक चाचणी तरी करा.

१८. रक्तपेशींवर चाचणी (हिमोलिसिस, म्हणजे कणांमुळे तांबड्या पेशी फुटतात का) करणार आहोत. नागपुरात काही वेगळी काळजी?

हो, आणि ही कुठल्या परदेशी प्रोटोकॉलमध्ये सापडणार नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल भरपूर. एएस पॅटर्नच्या (एकच सदोष जनुक असलेल्या) माणसाला बहुधा काही त्रास नसतो आणि आपण वाहक आहोत हे पुष्कळांना ठाऊकही नसतं. एसएसच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांच्या, पेशी मात्र आधीच ठिसूळ, शिवाय एरवी पटलाच्या आतल्या थरात राहणारा ऋण भाराचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद काही पेशींत बाहेर आलेला. धन कण तिथे जास्त चिकटेल. तेव्हा समितीची मंजुरी आणि दात्याची संमती घेतल्यावर पॅटर्नही नोंदवा, आणि वेगवेगळ्या दात्यांचं रक्त मिसळू नका.

दुसरं: हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरला वाचतात आणि सोन्याचे कण ५२० च्या आसपास स्वतःच लाल असतात. कण खाली बसवून वरचं द्रव घ्या, आणि रक्ताविना कणांचं वाचन वजा करा. ५ टक्क्यांच्या वर फुटल्या तर रक्तघातक, असं सर्वसाधारण मानक आहे. तांबडी पेशी भक्षण करत नाही हेही विसरू नका. तिथे कण आत दिसला तर वाट प्रश्न ३ मधली नव्हे.

१९. नॅनो औषध थेट कॅन्सरच्या गाठीतच जातं ना?

"थेट" हा जाहिरातीतला शब्द. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी मध्यक ०.७ टक्का गाठीत पोचल्याचं निघालं. बाकीचा पुष्कळसा यकृत आणि प्लीहा पकडतात, कारण प्रथिनांची चादर (प्रश्न ७) पाहून तिथल्या भक्षक पेशी कण ओळखतात. तरीही उपयोग होतो, कारण हृदयाकडे कमी जातं. १९९५ पासून वापरात असलेल्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा मोठा फायदा हाच.

२०. स्वर्णभस्म म्हणजे आपलं जुनं नॅनोतंत्रज्ञानच, बरोबर?

काही नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नॅनो मापाचे सोन्याचे दाणे दिसले आहेत, एकमेकांना चिकटून मोठे गोळे झालेले. एवढ्यावरून ते प्रयोगशाळेतल्या सोन्याच्या कणांसारखं पटलाशी वागेल असं म्हणता येत नाही. लेप वेगळा, गोळे वेगळे, आणि वाट पोटातून.

२१. प्रयोगानंतर उरलेलं चांदीचं द्रावण बेसिनमध्ये ओतलं तर चालतं का? अगदी थोडंच असतं.

चालत नाही. सांडपाणी शुद्ध करतात ते जिवाणू, आणि त्यांचं पटलही पटलच. शहरातल्या बऱ्याच नाल्यांची वाट शेवटी नाग नदीला मिळते. आमच्याकडे सिंकच्या खाली पाच लिटरचा पांढरा कॅन आहे, त्यावर मार्करने "चांदी – ओतू नका, इथे टाका" लिहिलंय. वर्षभरात तो भरतो आणि घातक कचरा नेणाऱ्यांकडे जातो. झाकण घट्ट लावा, मागच्या उन्हाळ्यात तो आडवा पडला होता आणि फरशीवरचा काळा डाग अजून गेलेला नाही.